‘पप्पा, तुम्ही माझं खच्चीकरण करायलाव’

वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका वडिलांनी लिहिलंय. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर, दावणीला देवणी बैलांची एक जोडी. पोरगा लातूरला रूम करून नीटची तयारी करतोय. बारावीनंतर एकदा परीक्षा दिली, मग रिपीटर बॅच लावली, यंदा मार्क वाढले पण सरकारी एमबीबीएसला लागतात तेवढे आले नाहीत, आता आणखी एक वर्ष पाहिजे म्हणतो. पोळ्याला घरी आला होता. संध्याकाळी बैल मारुतीला नेऊन आणले, ओसरीवर पाहुणे बसलेले, साडू, मेव्हणे, भावकीतले काही जण. बोलता बोलता वडील म्हणून गेले की याच्यावर आतापर्यंत जेवढं घातलं तेवढ्यात बोअर झाला असता, अन् मामाचा पोरगा तर पहिल्याच दणक्यात लागला. पोरगा उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पप्पा, तुम्ही माझं मानसिक खच्चीकरण करायलाव." एवढं बोलून आत गेला. साडू हसले, म्हणाले, "घ्या, ऐन पोळ्याला बापच निघाला गोऱ्हे बडवणारा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोरगा लातूरला गेला तो गेलाच. आईशी बोलतो, बापाशी नाही. बाप फोनपेवर मेसचे पैसे टाकतो, तेवढाच संबंध राहिलाय.

वडिलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "आम्ही जन्मभर जनावरांत राहिलेली माणसं. खच्ची म्हणजे काय ते मला पेपरातून शिकायचं नाही. हा शब्द पोरानं बापाला वापरावा का? त्याला त्याचा अर्थ तरी माहिती आहे का? आमचा बाप आम्हाला कासऱ्यानं हाणायचा, आम्ही नाही खचलो. मग आता बोलायचंच नाही का काही? माफी त्यानं मागायची का मी? अन् तिसऱ्यांदा बसू द्यावं का?"

उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी शब्दाचंच बघू, कारण तुमचं घोडं तिथंच अडलंय. पैशाचं तुम्ही दोन ओळीत लिहिलंय, तिसऱ्या वर्षाचं एका ओळीत, बाकी सगळं पत्र त्या एका शब्दावर आहे, म्हणजे लागलंय ते कुठं लागलंय हे दिसतंच.

तुम्हाला माहिती आहे तो अर्थ बरोबर आहे, शंभर टक्के. खच्ची करणं म्हणजे गोऱ्हा बडवणं, त्याचे वृषण ठेचणं, अंडील (वळू होण्याजोगा) राहू न देणं. शब्द मुळात अरबीकडचा, आपल्याकडं खाटकाच्या दुकानात ‘खस्सीचा बोकड’ म्हणतात ना, त्याच घरचा तो. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. पण गंमत बघा, गावात कुणी ‘आज आमच्या गोऱ्ह्याचं खच्चीकरण आहे’ असं म्हणतो का? गोऱ्हा बडवायचाय म्हणतात, नाहीतर डॉक्टरला बोलवून चिमटा लावायचाय म्हणतात. ते ‘करण’ शेपूट लागलं की शब्द गोठ्यातून उठून पेपरात जाऊन बसतो, सुशोभीकरण, सक्षमीकरण, सबलीकरण यांच्या रांगेत. तुमच्या पोरानं तो तिथून उचललाय. त्यानं लहानपणापासून काय वाचलं, ऐकलं? कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, मराठी शाळांचं खच्चीकरण, पोलिसांचं मनोधैर्य खच्ची होतंय, अमक्या नेत्याचं पक्षातच खच्चीकरण चालू आहे. रोज सकाळी कुणी ना कुणी कुणाचं तरी खच्चीकरण करतच असतं. त्यात बैल कुठंच नाही. आणि अठरा-वीस वर्षांच्या बहुतेक पोरांना (मोठ्या शिकलेल्या माणसांनाही, हे मी खात्रीनं सांगते) वाटतं की हा शब्द ‘खचणं’ पासून आलाय. माणूस खचतो, तसं त्याला खचवलं म्हणजे खच्चीकरण. विहीर खचते, पावसात रस्ता खचतो, ते खचणं वेगळं, या शब्दाशी त्याचं काही नातं नाही, पण कानाला दोन्ही सारखे लागतात म्हणून लोकांनी त्यांची सोयरीक जुळवून टाकली.

म्हणजे काय झालं, तो म्हणाला ‘तुम्ही मला खचवायलाव’, तुम्हाला ऐकू आलं ‘तुम्ही मला बडवलंत’. तुमच्या दोघांत शब्द एकच होता आणि अर्थ दोन. त्यात दिवस पोळ्याचा, आदल्या दिवशी तुम्हीच खांदेमळणी केलेली, हळद-तूप लावून बैलांचे खांदे चोळलेले, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणलेलं, आणि वरून साडूंनी तोच अर्थ मोठ्यानं बोलून दाखवला. नाहीतर कदाचित तुम्हाला एवढं लागलंही नसतं.

इथं मी थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पोराला अर्थ माहिती नव्हता, चूक त्याची, विषय संपला. पण भाऊ, मला तसं म्हणता येत नाही. त्यानं न कळता वापरलेला शब्द एका बाबतीत नेमका लागू पडतोय, आणि ती बाब त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त चांगली कळेल.

माझं माहेर कंधारकडचं, लाल कंधारी गुरांचा मुलूख, त्यामुळं गोऱ्हा बडवताना मी लहानपणी बघितलेलं आहे. बायका-पोरींना तिथून हाकलायचे, तरी आम्ही कुडाच्या फटीतून बघायचोच. दोर टाकून गोऱ्हा खाली पाडायचा, चारी पाय आवळायचे, एकानं मानेवर बसायचं. पूर्वी लाकडाच्या दांडक्यात धरून ठेचायचे, नंतर गुरांचे डॉक्टर बर्डिझोचा चिमटा घेऊन यायला लागले. त्या चिमट्याची करामत काय, तर कातडी फाटत नाही. रक्ताचा थेंब नाही. आतल्या नसा तेवढ्या चिरडतात, कड्‌कन आवाज येतो, गोऱ्हा एकदा ताठ होतो, डोळे पांढरे करतो, मग दोर सोडले की उठून उभाही राहतो. दुरून बघणाऱ्याला वाटेल काहीच झालं नाही. थोडे दिवस सूज, मग महिना-दीड महिन्यात आतलं आत वाळून जातं. आता तर २०२३ पासून केंद्राचे नियम आलेत, नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानंच करायचं आणि भूल देऊन करायचं, म्हणजे जनावरालाही दुखतं हे सरकारनं कागदावर मान्य केलंय.

पण मला चिमट्यापेक्षा दुसरंच सांगायचंय. हे सगळं करतं कोण? वैरी करतो का? नाही. ज्याच्या दावणीला तो गोऱ्हा आहे तोच करतो. त्याला आपण लेकरासारखं वाढवलेलं असतं, पेंड खाऊ घातलेली असते, पुढं वर्षानुवर्षं पोळ्याला त्याच्याच शिंगांना बेगड लावणार असतो, पुरणपोळीचा पहिला घास त्यालाच देणार असतो. राग म्हणून कुणी बैल खच्ची करत नाही. औताला नीट चालावा, वळवळ करू नये, मारकुटा होऊ नये, कामाचा व्हावा म्हणून करतो. अगदी काळजीपोटी करतो म्हणलं तरी चालेल.

आता तुमचं पत्र परत काढा आणि तुम्ही स्वतःच लिहिलेलं वाक्य वाचा: "त्याच्या भल्यासाठीच बोललो, जरा भानावर यावा, मन लावून अभ्यास करावा म्हणून बोललो." यात खोटं काहीच नाही. तुमचं प्रेम मला पत्रात पानोपानी दिसतंय, पोरगा रूमवर पातळ वरण खातो म्हणून घरचं तूप पाठवणारा बाप आहात तुम्ही. पण हेतू चांगला होता एवढ्यानं पुढच्याला लागलेलं कमी होत नाही. वैऱ्याचं बोलणं माणूस झटकून टाकतो, त्याला काय कळतंय म्हणतो. घरच्याचं झटकता येत नाही.

हेतू वाईट असलेल्यासाठी आपल्याकडं दुसरा शब्द आहे, जुना, तेजोवध. तो महाभारतातला. शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा, पण लढायला उतरला कौरवांच्या बाजूनं, तेव्हा युधिष्ठिरानं त्याला आधीच गाठून सांगून ठेवलं होतं की तू कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचा तेजोवध कर. आणि शल्यानं तो केला, ऐन रणात, त्याच्याच रथाचे घोडे हाकत हाकत. कसा केला बघा, अर्जुनाशी तुलना करून. वरून गोष्ट सांगितली, उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसांशी पैज लावून उडायला गेला आणि समुद्रावर दमला, तसा तू आहेस म्हणाला. शल्याचा डाव होता, तुमचा डाव नव्हता, हा फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि तो मी विसरत नाहीये. पण बोलायची पद्धत बघाल तर तुलनाच आहे दोन्हीकडं. मामाचा पोरगा पहिल्या दणक्यात लागला. ओसरीवर. पाहुण्यांत.

तुम्ही विचारलंत, मग बोलायचंच नाही का. बोलायचं की. बापानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? पण रागावणं वेगळं अन् हे वेगळं. "मॉक टेस्टला परत फिजिक्समध्येच मार्क गेले, काय अडचण आहे?" हे बोलणं आहे. "रात्री दोनपर्यंत मोबाईल चालू होता, असं चालणार नाही" ही कानउघाडणी आहे, कडक आहे, पण ती एका गोष्टीबद्दल आहे, आणि ती गोष्ट पोराच्या हातात आहे, उद्यापासून बदलता येते. "तुझ्याच्यानं होणारच नाही", "तुझ्यापेक्षा बोअर बरा होता" हे कशाबद्दल आहे? त्यात त्यानं बदलायचं काय? मार्क आलेत ते आलेत, खर्च झालाय तो झालाय, मामाचा पोरगा लागलाय तो लागलाय. हातात काहीच नसलेल्या गोष्टीवरनं माणसाला बोललं की त्याला दोनच वाटा राहतात, खाली मान घालायची नाहीतर उलटून बोलायचं. तुमचा उलटून बोलला. खरं सांगू? मला त्यातल्या त्यात ते बरं वाटलं. खाली मान घालून वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या पोरांच्या आयांची पत्रं मला जास्त येतात, आणि ती वाचायला जास्त जड जातात.

आता कासऱ्याचं. "आमचा बाप हाणायचा, आम्ही नाही खचलो." हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक पुरुष वाचक लिहितो, म्हणून जरा सविस्तर. पहिलं म्हणजे, नाही खचलो हे आपलं आपण ठरवलेलं असतं, बाजूच्यांना विचारलं तर वेगळं निघू शकतं. तुम्हीच पुढं लिहिलंय की दहावीला गणितात बरे मार्क होते, पॉलिटेक्निकला जायचं होतं, पण वडिलांपुढं तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ते तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथं थांबले. तुम्ही खचला नाहीत, कबूल, पण विचारलंही नाहीत. दुसरं, तुमच्या वडिलांचा मार शेतात, गोठ्यात, घरात होता, मारून झालं की संध्याकाळी एकाच ताटावर बसायचात, आणि त्या काळी गावातल्या सगळ्याच पोरांना बसायचा. तुमचा पोरगा लातूरला एकटा आहे. दहा बाय दहाच्या रूममध्ये आणखी एक पोरगा, भिंतीवर फॉर्म्युल्याचे कागद, रोज सकाळी उठून मेसचे पोहे, क्लासला गेलं की बोर्डावर रँकची यादी, चौकाचौकात टॉपरच्या फोटोचे फ्लेक्स. त्याला तुलना घरी येऊन ऐकायची गरजच नाही, ती त्याला तिथं दिवसभर फुकट मिळते. सातशे वीसपैकी आपण कुठं आहोत हे त्याला तुमच्यापेक्षा, माझ्यापेक्षा जास्त पक्कं माहिती आहे. घरी तो पोळ्याला आला होता ते बैलांसाठी अन् पुरणपोळीसाठी, आणि तिथंही रँकच निघाली.

आता थोडं त्याच्या बाजूचं, म्हणजे त्याचं चुकलं तेही. तुम्ही हे उत्तर त्याला दाखवणार असाल तर हा भाग तोही वाचेल. बाळा, शब्द मोठा आहे. खच्ची केलेलं परत येत नाही, कधीच, कशानंच. तुझं तसं झालेलं नाही, होणारही नाही, तू तर उठून बोललास. म्हणून हा शब्द जपून वापर. बापानं टेस्टचे मार्क विचारले की खच्चीकरण, आईनं लवकर उठ म्हणलं की खच्चीकरण, सरांनी वही फेकली की खच्चीकरण, असं करत गेलं की ज्या दिवशी खरंच कुणी तुझं तेज मारायला निघेल त्या दिवशी सांगायला शब्द उरणार नाही. आणि तुलाही पाहुण्यांसमोर बोलायची काही गरज नव्हती, पप्पांनी चारचौघांत केलं ते चूक, मग तू तेच चारचौघांत परत केलंस. आत गेल्यावर, पाहुणे उठल्यावर म्हणाला असतास की "पप्पा, मामाच्या पोराचं सगळ्यांसमोर काढलं ते मला लई लागलं", तर तुझ्या पप्पांना ते कळलं असतं, मला पत्रावरनं तरी तसंच वाटतंय. ‘मानसिक खच्चीकरण’ ऐकून बापाला काय कळणार, आणि ‘लागलं’ न कळणारा बाप अजून जन्मायचाय.

हे इतर वाचकांसाठीही सांगते, कारण हाच शब्द घेऊन वेगवेगळी पत्रं येतात. शाळेतल्या मॅडम लिहितात हेडमास्तर खच्चीकरण करतात, सुना लिहितात सासरी खच्चीकरण होतंय, मध्यंतरी आशा वर्कर असलेल्या एका ताईंनी विचारलं होतं की बाईनं हा शब्द वापरला तर हसतात, वापरू का नको. ताई, खुशाल वापरा, बोलीत त्याचा बैल कधीच सुटून गेलाय. पण अर्ज लिहिताना मात्र नुसतं ‘माझे मानसिक खच्चीकरण केले जात आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्या वाक्यावर वरचा साहेब फक्त ‘चौकशी करावी’ असा शेरा मारून मोकळा होतो. कोणत्या तारखेला, कुठं, कुणासमोर, नेमके काय शब्द बोलले, ते जसेच्या तसे लिहा, एकदा नाही तर जितक्या वेळा झालं तितक्या वेळा. डायरी ठेवा, त्या त्या दिवशीच लिहा. सासरचा त्रास असेल तर कायद्यात शब्द क्रूरता आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आणि ८६, त्यात मनाला केलेली इजाही धरलेली आहे, पण तिथंही तपशीलच विचारतात. आणि अर्ज द्यायचा नसेल, नुसतं घरातल्या माणसाला सांगायचं असेल, तरी हेच. ‘तू मला नाउमेद करतोस’ यापेक्षा ‘काल भाजीवरून जाऊबाईंसमोर हसलास ते मला आवडलं नाही’ हे जास्त पोचतं. मोठ्या शब्दाला समोरचा मोठ्या शब्दानं उत्तर देतो आणि भांडण शब्दांचंच होऊन बसतं, तुमचं झालं तसं.

परत तुमच्याकडं येते भाऊ. माफी कुणी मागायची. बापानं पोराची माफी मागायची आपल्याकडं रीत नाही, तुमच्या जिभेवर तो शब्द येणार नाही हे मलाही माहिती आहे, आणि मी तुम्हाला ते करायलाही सांगत नाही. पण गप्प राहणं हे काही झालं नाही असं नसतं हो. तुम्हाला वाटतंय आपण काही बोलत नाही म्हणजे आपण काही करत नाही. तिकडं पोराला दर वेळी नुसता पैसे आल्याचा मेसेज दिसतो, बापाच्या नावासमोर आकडा, खाली एक शब्द नाही. ज्या बापानं खर्चाचा हिशोब चारचौघांत काढला त्याच्याकडून नुसता आकडा येणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्याला तो हिशोबच वाटत असणार.

म्हणून फोन तुम्ही करा. मोठे आहात म्हणून नाही, आधी तुम्ही बोलला होतात म्हणून. लांबण लावू नका. संध्याकाळी मेसवरून येतो त्या वेळेला करा, आईच्या फोनवरून नको, तुमच्याच फोनवरून. पहिल्यांदा उचलणार नाही कदाचित, दुसऱ्या दिवशी परत करा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तुमची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे. एवढंच, की मामाच्या पोराचं पाहुण्यांत काढायला नको होतं हे एकदा तुमच्या तोंडून त्याला ऐकू जाऊ द्या, आणि त्याच्या पुढं ‘पण’ लावू नका. ‘पण तू पण’ म्हणलात की पहिलं सगळं वाया. शब्दाचा अर्थ त्याला समजावून सांगायचा असेल तर तो फोनवर नको, दसऱ्याला घरी आला की गोठ्यात उभं राहून सांगा. त्याला ऐकायला आवडेल असं मला वाटतं, शेतकऱ्याचा पोरगा असून त्याला ते माहिती नाही यात थोडी चूक आपल्या पिढीचीही धरा.

फोनवर त्याचा आवाज कसा आहे ते मात्र नीट ऐका. नुसता रुसलेला असेल तर काळजी नाही. पण झोप लागत नाही, जेवण सुटलंय, मित्रांत बसत नाही, "माझा काही उपयोग नाही", "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलला, आईला तसं काही जाणवलं असेल, तर दसऱ्याची वाट बघू नका, गाडी धरा आणि लातूरला जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्याच्या मोबाईलमध्येही तो सेव्ह करून द्या आणि तुमच्याही. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजच आहे, तिथल्या मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवता येतं. वेड्यांचा दवाखाना म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

राहिलं तिसरं वर्ष. हा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय पण खरं तर पहिला हाच होता, पोळ्याच्या संध्याकाळी तुमच्या पोटात तोच होता आणि तो बोअर होऊन बाहेर आला. नीट किती वेळा द्यायची याला आज मर्यादा नाही, हीच खरी अडचण आहे, कुठं थांबायचं ते परीक्षा सांगत नाही, घरालाच ठरवावं लागतं. तेव्हा तिघं बसून ठरवा, त्याच्या आईला धरून, पाहुणे वगळून. पहिल्या वर्षीचे आणि यंदाचे मार्क विषयवार समोर ठेवा. वाढलेत ते कशात वाढले, अडलंय ते कशात. एकाच विषयात अडलं असेल आणि त्याचं कारण त्याला सांगता येत असेल तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. सगळ्याच विषयांत थोडं थोडं वाढून थांबलं असेल तर तेच क्लास, तीच रूम, तीच नोट्स परत करून फार वेगळं होईल असं मला वाटत नाही. तुमच्याकडं द्यायला किती पैसे आहेत तो आकडा त्याला खरा सांगा, कर्ज काढावं लागणार असेल तर तेही सांगा. हे उपकार काढणं नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाला घरची गोष्ट सांगणं आहे, तो आता मोठा आहे. आणि थांबायची तारीख आधीच ठरवा, निकालाच्या दिवशी नाही.

एक गोष्ट त्याला विचारून बघा, रेटू मात्र नका. बीव्हीएस्सीला आपल्याकडं नीटचेच मार्क धरतात, फॉर्म तेवढा वेगळा भरावा लागतो. उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, परभणीलाही आहे. यंदाचे मार्क घेऊन कुठं काय मिळू शकतं, बीएएमएस, बीएचएमएस सकट, ती यादी एकदा काढून बघा, राऊंड बाकी असतील तर घाई करा. गुरांचा डॉक्टर म्हणजे कमीपणा असं तुमच्या भावकीत कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, देवणीची गाय अडली की रात्री कुणाला फोन लावता. पण त्याला नकोच असेल तर विषय सोडून द्या, ‘निदान हे तरी कर’ असं म्हणू नका. त्या ‘निदान’ अन् ‘तरी’ नं पोरांची उमेद जेवढी जाते तेवढी शिव्यांनी जात नाही.

आणि साडूंना काय उत्तर द्यायचं असं तुम्ही ताजा कलम टाकून विचारलंय, ते तुमच्या मंडळींवर सोडा. त्यांच्याच बहिणीचा नवरा आहे, त्या बरोबर बघून घेतील.